डासांचा सापळा : घ्यावा की न घ्यावा?

पावसाची पहिली झड ओसरली, की दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याबरोबर डासांविषयीचे प्रश्नही वाढतात. पूर्वी विचारणा होई ती उदबत्तीची, मलमाची आणि मच्छरदाणीची. अलीकडे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. ‘‘डॉक्टर, अंगणात ठेवायचे ते वायू सोडणारे यंत्र कसे आहे हो? डास आपण होऊन त्यात शिरतात म्हणे!’’ कोणी जाहिरात पाहिलेली असते, कोणाच्या मुलाने परदेशात असे यंत्र वापरलेले असते. आमच्या भागातील एका गृहनिर्माण संस्थेने तर वर्गणी काढून अशी चार यंत्रे घेण्याचे मनात आणले आहे आणि त्याबाबत माझे मत विचारले आहे.

या संस्थेत गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण निघाले होते. तेव्हा प्रश्न संध्याकाळी अंगणात निवांत बसता यावे एवढाच नाही. वर्गणीचा पैसा एकदाच जमतो. तो कोठे खर्च केला म्हणजे घरातली मुले-म्हातारी तापापासून वाचतील, हा खरा प्रश्न आहे. अनेक वाचकांपुढे हाच प्रश्न असणार, म्हणून या आठवड्यात या सापळ्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

डासाला माणूस सापडतो कसा?

आपल्याला चावते ती डासाची मादी. नराचे आणि मादीचेही पोट फुलांतील व झाडांतील गोड रसावर भरते. परंतु अंडी तयार व्हायची तर मादीला रक्तातील प्रथिने लागतात. त्यासाठी तिला माणूस किंवा जनावर शोधावे लागते, आणि या शोधात तिला पहिली मदत होते ती आपल्या श्वासाची.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड वायू, ज्याला जुन्या क्रमिक पुस्तकांत कर्बवायू म्हटलेले असे, तो साधारण ०.०४ टक्के असतो. आपण जी हवा बाहेर सोडतो तीत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के, म्हणजे जवळजवळ शंभरपट असते. हा उच्छ्वास वाऱ्याबरोबर तुटक-तुटक पट्ट्यांनी वाहत जातो. मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंना आखूड मिशांसारखे दोन अवयव असतात. त्यांना हा वायू अगदी थोड्या प्रमाणातही कळतो. तो कळला, की स्वस्थ बसलेली मादी उडते आणि वाऱ्याच्या उलट दिशेने त्याचा माग काढीत येते. काही दशक मीटर अंतरावरूनही तिला हा माग लागतो.

जवळ आल्यावर नजर कामाला येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासंबंधी उद्बोधक आहे. वारा सोडलेल्या एका लांब पेटीत त्यांनी भुकेल्या माद्या ठेवल्या. पेटीच्या तळाशी एक गडद ठिपका होता. नुसत्या हवेत माद्यांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. हवेत कर्बवायूचा झोत सोडताच त्या ठिपक्याभोवती घिरट्या घालू लागल्या. म्हणजे श्वासाचा वास आला, की डास ‘पाहू’ लागतो. अगदी जवळ, हातभर अंतरावर आल्यानंतर अंगाची ऊब, ओलावा आणि घामाचा वास यांवरून ती कोठे बसायचे ते ठरविते.

श्वास, नजर, ऊब आणि घाम असा हा क्रम ध्यानात ठेवावा. सापळ्याचे यश आणि अपयश दोन्ही यात आहे.

सापळा काम कसा करतो?

कर्बवायू डासांना चेतवतो, ही गोष्ट काही आजची नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात विलेम रुडॉल्फ्स या शास्त्रज्ञाने १९२२ साली त्यावर लिहिले होते. पुढे १९६२ साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील सुडिया आणि चेंबरलेन यांनी बॅटरीवर चालणारा, हातात मावेल असा छोटा सापळा तयार केला. वर एक लहान दिवा, खाली पंखा आणि त्याखाली जाळीची पिशवी. त्याच्या शेजारी कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठविलेल्या कर्बवायूचा डबा टांगला, की डास कितीतरी अधिक सापडतात. जगभरचे कीटकशास्त्रज्ञ आजही या पद्धतीचे सापळे वापरतात. कोणत्या भागात कोणत्या जातीचे डास आहेत, ते वाढत आहेत की घटत आहेत, त्यांच्या अंगात रोगाचे विषाणू आहेत काय, हे त्यामुळे समजते.

थोडक्यात, हा सापळा मुळात डासांचा नमुना घेण्यासाठी निर्माण झाला. डास संपविण्याचे काम त्याच्याकडे मागाहून आले.

घरगुती वापराची यंत्रे २००० सालच्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली. त्यांत प्रोपेन वायूची टाकी असते. यंत्रातील उत्प्रेरकावर हा वायू ज्योतीशिवाय जळतो आणि त्यातून कर्बवायू, थोडी ऊब आणि ओलावा बाहेर पडतो. जवळ आलेला डास पंख्याच्या ओढीने पिशवीत जातो आणि तेथे सुकून मरतो. काही यंत्रांत ऑक्टेनॉल नावाचे आमिष लावतात. याची कथा मोठी गमतीची आहे. आफ्रिकेत जनावरांना आणि माणसांना निद्रारोग देणारी त्सेत्से नावाची माशी आहे. ती गुराढोरांकडे कशाने ओढली जाते याचा शोध घेताना बैलाच्या वासातून हे द्रव्य १९८४ साली हाती लागले. पुढे कर्बवायूबरोबर ते वापरले तर डासांच्या काही जातीही अधिक येतात असे आढळले. काही जाती म्हणण्याचे कारण असे, की आपल्याकडे गटारीत वाढणाऱ्या क्युलेक्स डासाला या वासाचे फारसे आकर्षण नसते.

पिशवी भरली म्हणजे डास कमी झाले काय?

यंत्र विकणारे गृहस्थ पिशवी उघडून दाखवितात. आत मेलेल्या डासांचा ढीग असतो. तो पाहून मनुष्य प्रभावित होतो. परंतु वाचकहो, पिशवीत किती डास आले यापेक्षा अंगणात किती उरले हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील डास नियंत्रण संघटनेचेही म्हणणे असेच आहे, की ही यंत्रे मोजता येतील इतके डास निश्चित पकडतात, पण त्यामुळे त्रास जाणवेल इतका कमी होईल की नाही हे अनेक गोष्टींवर अवलंबून आहे. त्या गोष्टी कोणत्या ते पाहू.

पहिली गोष्ट उत्पत्तीची. एक मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शंभरातील निम्मीच जगली असे धरू. तरी पन्नास डास झाले, त्यांत पंचवीस माद्या. एका उघड्या पिंपात अशा पाच माद्यांनी अंडी घातली, तर आठवडा-दीड आठवड्यात सव्वाशे नव्या माद्या उडणार. परसातील उघडे पिंप तसेच ठेवून अंगणात सापळा लावणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणे होय.

दुसरी गोष्ट चढाओढीची. सापळ्यातून निघणारा वायू एखाद-दुसऱ्या माणसाच्या श्वासाइतका असतो. अंगणात घरची सहा माणसे गप्पा मारीत बसली, की तेथे सहा सापळे चालू झाले असे समजा. शिवाय आपल्याजवळ ऊब आहे, घाम आहे, हालचाल आहे. डासाला निवड करायची झाली तर तो यंत्राला पसंती देईलच असे नाही. यंत्र माणसांच्या जवळ ठेवले, तर लांबचे डासही वासाने तेथवर येतात आणि शेवटच्या चार हातांत यंत्राऐवजी आपल्याकडे वळतात.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. आपल्या अंगणातले डास सापळ्यात गेले, तरी लागूनच्या वाड्यातले, मोकळ्या भूखंडावरचे डास जागा भरून काढतात. दाट वस्तीत एका घराने सापळा लावून फारसे साधत नाही.

चौथी गोष्ट डासाच्या अवस्थेची. सापळ्याकडे येते ती रक्तासाठी भुकेली मादी. जिचे पोट रक्ताने भरलेले आहे किंवा जी अंडी घालायला पाणी शोधीत आहे, ती त्या वेळी या वासाकडे वळत नाही.

असे असले तरी सापळ्याला निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे होईल. मादी आपल्या आयुष्यात एकदाच नव्हे, तर अनेकदा रक्त पिते. डेंग्यूच्या रुग्णाचे रक्त प्याल्यावर विषाणू तिच्या लाळेत उतरायला साधारण आठ ते बारा दिवस जातात. त्यानंतरच तिचा दंश धोक्याचा ठरतो. या अवधीत भुकेली होऊन ती सापळ्यात गेली, तर पुढील दंश टळले. त्यामुळेच सापळ्यांनी रोग कमी करता येईल काय, यावर गंभीरपणे प्रयोग झाले आहेत.

परदेशातील अनुभव

केनियातील व्हिक्टोरिया सरोवरात रुसिंगा नावाचे बेट आहे. तेथे २०१३ ते २०१५ या काळात घरोघरी सौरऊर्जेवर चालणारे सापळे बसविण्यात आले. कर्बवायूचा रोजचा पुरवठा महाग पडतो, म्हणून त्याची नक्कल करणारे एक रसायन आणि माणसाच्या अंगाच्या वासासारखे मिश्रण त्यांत आमिष म्हणून वापरले. त्याच सौरपत्र्यावर घरातला दिवा लागे आणि मोबाइल फोन भारित होई. साहजिकच लोकांनी ही यंत्रणा जपली. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सापळे असलेल्या वस्त्यांत मलेरियाचे प्रमाण २९.८ टक्क्यांनी कमी आढळले आणि मलेरिया पसरविणारी एक प्रमुख डासाची जात ६९.२ टक्क्यांनी घटली. मलेरियाच्याच दुसऱ्या एका जातीवर मात्र परिणाम दिसला नाही. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या बेटावर लोक मच्छरदाण्याही वापरीत होते. सापळा मच्छरदाणीच्या जोडीला आला होता, तिच्या जागी नव्हे.

इटलीतील चेझेना या गावी काही ठिकाणी एडिस जातीच्या ‘वाघ्या’ डासासाठी अनेक सापळे एकदम लावले, तेव्हा माणसांवर येऊन बसणारे डास निम्म्याहून अधिक कमी झाले. या सापळ्यांत वायूऐवजी माणसाच्या कातडीसारखा वास सोडणारे आमिष होते. त्याच प्रकारच्या सापळ्यांचा प्रयोग ब्राझीलमधील मानाउस शहरात डेंग्यूसाठी झाला. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पावसाळ्यात डेंग्यूच्या डासांच्या माद्या कमी झाल्या, पण डेंग्यूची लागण खात्रीने कमी झाली असे सिद्ध करता आले नाही. डास कमी होणे आणि आजार कमी होणे यांत अंतर असते, ते असे.

मालदीवमधील कुनफुनाधू या पर्यटकांच्या छोट्या बेटावर २०१९ पासून दोन प्रकारचे सापळे एकत्र वापरण्यात आले. एक कर्बवायू सोडून भुकेल्या माद्यांना पकडणारा आणि दुसरा अंडी घालायला आलेल्या माद्यांना पकडणारा. जोडीला साचलेले पाणी शोधून नष्ट करण्याचे काम सतत चालू ठेवले. तेथे डास फारच कमी झाले. परंतु बेट लहान, चहूकडे समुद्र, बाहेरून डास येण्याची वाट नाही आणि देखरेखीला पगारी माणसे. आपल्या गल्लीला चहूकडे समुद्र नाही!

या सर्व अनुभवांतून एकच गोष्ट पुढे येते. सापळे पुष्कळ हवेत, ते दिवसरात्र आणि महिनोन् महिने चालले पाहिजेत, आणि पाण्याचा बंदोबस्त त्यांच्याबरोबर झाला पाहिजे.

आपल्या गावातले डास

आपल्याकडे घराभोवती मुख्यतः तीन प्रकारचे डास असतात. गटारी, सेप्टिक टँक यांच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवितो. विदर्भातील वाचकांना या रोगाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. विहिरी, गच्चीवरील टाक्या यांच्या स्वच्छ पाण्यात वाढणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी शहरांत हिवताप आणतो. तोही रात्रीचा. तिसरा एडिस इजिप्ती. याच्या पायांवर आणि अंगावर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या याचीच देणगी. चिकुनगुन्याने २००६ साली महाराष्ट्रात गावेच्या गावे सांधे धरून बसविली होती, हे अनेकांना आठवत असेल. २०२१ साली राज्यातील पहिला झिकाचा रुग्ण पुरंदर तालुक्यातील बेलसर या गावी सापडला. त्याचाही प्रसार हाच डास करतो.

या एडिसची राहणी नीट समजून घेतली, तर अंगणातल्या सापळ्याची मर्यादा आपोआप कळते. तो वाढतो घरातल्याच साठवलेल्या पाण्यात. विसावतो घरातच, पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत. फार लांब उडत नाही, बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचे आयुष्य जाते. चावतो सकाळी आणि दुपार उलटल्यावर. मग संध्याकाळी सात वाजता अंगणात चालू केलेला सापळा त्याला कसा भेटणार? ज्या डासामुळे आपण धास्तावलो आहोत, नेमका तोच या सापळ्यात सर्वांत कमी येण्याचा संभव आहे.

यंत्र घेताना काय पाहावे?

ज्यांना तरीही यंत्र घ्यायचे आहे, त्यांनी विक्रेत्याला एक साधा प्रश्न विचारावा. ‘‘यात कर्बवायू येतो कोठून?’’ खऱ्या यंत्राला प्रोपेनची टाकी, कर्बवायूचे सिलिंडर किंवा कोरडा बर्फ, असे काहीतरी लागतेच. बाजारात नुसता निळा दिवा असलेली पुष्कळ यंत्रे ‘कर्बवायू निर्माण करणारी’ म्हणून विकली जातात. दिव्याच्या उजेडाने आतल्या रासायनिक लेपावर हा वायू तयार होतो, असे सांगतात. तो तयार झाला तरी इतका अल्प असतो, की माणसाच्या श्वासापुढे त्याची गणती होत नाही.

निळ्या दिव्याच्या, कीटक जाळणाऱ्या यंत्रांचे तर विचारूच नका. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात घरोघरच्या अशा यंत्रांत मेलेले किडे मोजले गेले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत एकूण १३,७८९ किडे निघाले. त्यांत चावणारे किडे फक्त ३१. बाकीचे बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगीच होते. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने डास पळविणाऱ्या यंत्रांचाही उपयोग होत नाही, असे २००७ साली झालेल्या आढाव्यात निष्पन्न झाले आहे.

खर्चाचाही विचार करावा. प्रोपेनच्या यंत्राला साधारण नऊ किलोची टाकी तीन आठवडे पुरते. म्हणजे यंत्राची किंमत एकदा दिली तरी गॅस, आमिष आणि वीज यांचा खर्च चालूच राहतो. स्वयंपाकाचे सिलिंडर या कामासाठी जोडू नये. त्यातील गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो आणि घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामास वापरणे नियमबाह्य आहे. कोरडा बर्फ उणे ७८ अंश इतका थंड असतो. उघड्या हाताला तो भाजल्यासारखी इजा करतो. तो किंवा कर्बवायूचे सिलिंडर बंद खोलीत कधीही ठेवू नये, गुदमरण्याचा धोका असतो. उघड्या अंगणात सापळ्यातून निघणाऱ्या वायूचे प्रमाण मात्र निर्धोक असते.

काही मंडळी प्लास्टिकच्या बाटलीत साखर, पाणी आणि बेकरीत मिळणारे यीस्ट घालून घरगुती सापळा करतात. यीस्टमुळे साखर आंबते आणि कर्बवायू निघतो, हे खरे आहे. २०१० साली शास्त्रज्ञांनी हाच वायू मलेरियाच्या डासांसाठी वापरून पाहिला आणि पुढे केनियात साखर कारखान्याच्या मळीचाही उपयोग केला. पण त्यांच्या सापळ्याला पंखा होता. नुसत्या बाटलीतून वायू थोडा निघतो आणि आलेल्या डासाला आत ओढणारे काही नसते. शिवाय दोन-चार दिवसांनी आंबणे थांबते आणि बाटली परसात तशीच पडून राहते. मग तीत पावसाचे पाणी साचून डासांच्याच अळ्या व्हायच्या! मुलांना विज्ञानाचा प्रयोग म्हणून करू द्यावा, डासांचा बंदोबस्त म्हणून नव्हे.

कोणाला उपयोगी, आणि ठेवावा कसा?

मळ्यातले एकटे घर, दुभत्या जनावरांचा गोठा, गावाबाहेरचा धाबा किंवा वसतिगृह अशा ठिकाणी, जेथे वस्ती विरळ आहे आणि शेजारच्या डासांची भरती कमी आहे, तेथे सापळ्याचा गुण येऊ शकतो. तो बसण्याच्या जागेपासून निदान दहा मीटर दूर ठेवावा. डास जेथे विसावतात ती झुडपे, ओढा किंवा पाणथळ जागा एका बाजूला आणि माणसे दुसऱ्या बाजूला, यांच्या मधोमध त्याची जागा. सावली असावी आणि वाऱ्याने वायू झुडपांकडे वाहत जाईल असे पाहावे. तो दिवसरात्र चालू ठेवावा. पाहुणे आले म्हणून दोन तास लावून उपयोग नाही. चार-सहा आठवड्यांनी त्रास कमी झाला काय, ते पाहावे. पिशवी मोजत बसू नये.

वर्गणीचा पैसा कोठे घालावा?

आता गृहनिर्माण संस्थेच्या प्रश्नाकडे वळतो. दाट वस्तीत डेंग्यू टाळण्यासाठी चार सापळे घेण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याच पैशातून पुढील कामे या क्रमाने करावीत.

सर्वप्रथम गच्चीवरील प्रत्येक टाकीला घट्ट झाकण आणि तिच्या जादा पाण्याच्या नळीला जाळी. नंतर सेप्टिक टँकच्या प्रत्येक व्हेंट पाइपला जाळी किंवा पातळ कापड. गटारीचे तुंबलेले पाणी वाहते करणे. बागेतील हौदात गप्पी मासे सोडणे. ते नगरपालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या हिवताप विभागाकडे मिळू शकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर आठवड्याला प्रत्येक घरी जाऊन पाणी तपासणारा एक माणूस नेमून त्याची पावसाळ्यापुरती मजुरी देणे. या माणसाच्या हाती बॅटरी आणि एक वही पुरे. पन्नास घरे पाहिली, त्यांतल्या किती घरांत अळ्या मिळाल्या, एवढे त्याने लिहावे. जूनमध्ये दहा घरांत मिळाल्या आणि ऑगस्टमध्ये एका घरात, तर पैसा कारणी लागला असे समजावे. सरकारी कर्मचारीही साधारण असाच हिशेब ठेवतात. तो पिशवीतल्या डासांपेक्षा कितीतरी बोलका असतो. एवढे करून पैसे उरले, तर ओढ्याच्या बाजूला एखादा सापळा जरूर लावावा.

घरातला ‘कोरडा दिवस’ सर्वांनी ऐकलेला आहे, पण आपल्या अनेक गावांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येते. तेथे गृहिणीला भरलेले पिंप ओता म्हणून सांगणे योग्य होणार नाही. अशा ठिकाणी पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, भांडी रिकामी होत आली असता, ती आतून काथ्याने किंवा घासणीने घासून घ्यावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या पातळीजवळ चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी भरले, की ती फुटतात. घासल्यानंतर भरलेल्या पिंपाला जुन्या धोतराचे किंवा साडीचे दुहेरी फडके ताणून बांधावे. रिकामे करता न येणाऱ्या वापराच्या पाण्याच्या हौदात आरोग्य कर्मचारी ॲबेट औषध टाकतात, त्यांना अडवू नये. कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, जुने टायर आणि करवंट्या यांवर आठवड्यातून एकदा नजर टाकावी. या कामाला रविवारची अर्धी सकाळ लागते, पैसा लागत नाही.

शेवटी तापाविषयी. या दिवसांत ताप, डोके व डोळ्यांमागे दुखणे, अंगदुखी असे काही झाले, तर मनाने गोळ्या घेऊ नयेत. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारखी औषधे डेंग्यूमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढवितात. तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि रक्ताची तपासणी, एवढे आधी करावे. ताप उतरत असतानाच पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे किंवा फार मरगळ येणे, यांपैकी काही दिसले तर रात्र न काढता रुग्णालय गाठावे. तापाच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. त्याचे रक्त डासाने प्याले नाही, तर शेजारचे घर वाचते. अंगणातल्या कोणत्याही सापळ्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे आणि तो आज दुपारपासून सुरू करता येतो.